ज़र्ब-ए-शदीद

उर्दूत ‘ज़र्ब-ए-शदीद’, मराठीत ‘जबर दुखापत’. जबर हा शब्दही फारसीतूनच मराठीत आलेला.

१८६० च्या दंड संहितेत कलम ३२० खाली तिचे आठ प्रकार होते: डोळा जाणं, बहिरेपण, चेहरा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं वगैरे. आठव्यात जिवाला धोका, नाहीतर २० दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीची कामं न जमणं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ ने २० चे १५ केले. हे बरं झालं.

माझ्या एका विद्यार्थ्याचे अब्बा हमाल. गेल्या वर्षी त्यांना मारहाण झाली. पाठ काळीनिळी, हाड शाबूत. दाखल्यावर ‘साधी दुखापत’, म्हणून ठाण्यात नुसती एनसी. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. एक दात पडला असता तर गुन्हा दखलपात्र! १५ दिवस ओझं उचलवत नाही हे सिद्ध करायलाही कागद लागतो, आणि रोजंदारीवाला चौथ्या दिवशी कण्हत का होईना, कामावर जातो.

हेतुपुरस्सर जबर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कैद, घातक हत्याराने केली तर जन्मठेपेपर्यंत. जात, समाज, भाषा अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली तर आता स्वतंत्र तरतूद आहे, ११७(४). त्यात टोळीतला प्रत्येकजण दोषी, हे चांगलंच. पण शिक्षा? तीही सातच वर्षांपर्यंत. एकट्याने हात मोडला तरी सात, झुंडीने ठरवून मोडला तरी सात. शिवाय कारणांच्या त्या यादीत ‘धर्म’ हा शब्द नाही. ‘समाज’ आणि ‘वैयक्तिक श्रद्धा’ यांत आपण बसतो, हे वकिलाने पटवून द्यायचं.