आंबा कोणी खाल्ला?

दहावीच्या शिकवणीत ‘व्हॉइस’ आला की फळ्यावर आंबा येतोच. ‘राम ईट्स अ मँगो’, आता उलटा करा. मुलं पाढे म्हणावेत तशी कृती म्हणतात: कर्म पुढे, ‘टू बी’चं रूप, क्रियापदाचं तिसरं रूप, ‘बाय’ आणि शेवटी कर्ता. ‘अ मँगो इज ईटन बाय राम.’ एक गुण पदरात. असं वाक्य कुठल्या इंग्रजाच्या तोंडी कधी येत असेल, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा.

वीसेक वर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या एका बाईही हेच घोटवून घ्यायच्या. एकदा एका मुलाने ‘रामाने आंबा खाल्ला’चं इंग्रजी बेधडक ‘द मँगो वॉज ईटन बाय राम’ असं केलं. बाईंनी लाल काट मारली. पोरगा म्हणाला, ‘‘बाई, मराठीच्या सरांनी कालच सांगितलं, हा कर्मणी प्रयोग. मग कर्मणी म्हणजे पॅसिव्हच ना?’’

बाईंना लगेच उत्तर सुचलं नाही. पोराचं तरी काय चुकलं? भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की मराठी सहसा कर्त्याला ‘ने’ लावते आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं: आंबा खाल्ला, कैरी खाल्ली, बोरं खाल्ली. म्हणून तो कर्मणी. पण बोलणाऱ्याच्या मनात राम पुढेच असतो, त्याला कोणी मागे ढकललेलं नसतं. इंग्रजीत ते साधं ‘राम एट द मँगो’. हा ‘ने’ म्हणजे ‘बाय’ नव्हे. ‘बाय’ची खरी जोडी ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’. वाळंबे यांच्या व्याकरणात याला ‘नवीन कर्मणी’ असं नाव आहे आणि तो इंग्रजीच्या धर्तीवरचा म्हणून ओळखला जातो. घरात तो कोणी वापरत नाही. ‘कप फोडला गेला’ असं कोणती आई म्हणेल? आपल्याकडे कप फुटतो, दोरी तुटते, दूध सांडतं. करणारा हळूच सटकतो.

सरकारी मराठीकडे मात्र त्याहून पक्कं हत्यार आहे. ‘नागरिकांना कळविण्यात येते की, उद्या पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल.’ बाई आता धडा इथूनच सुरू करतात. पाणी कोण बंद करणार, असं विचारलं की मुलं म्हणतात, ‘‘त्याचं नाव कशाला? पाणी नाही एवढं कळलं की झालं!’’ मग फळ्यावर ‘द वॉटर सप्लाय विल बी कट ऑफ’ येतं आणि ‘बाय’ची कोणालाच आठवण होत नाही. दुसरं उदाहरण प्रत्येकाचं स्वतःचं: ‘आय बॉर्न इन सातारा’. इथे ‘वॉज’ का हवा, तर जन्म देणारी आई, आपण नव्हे. हे एकदा कळलं की ‘वॉज’ सहसा गळत नाही.

वरच्या वर्गातली हुशार मुलं जॉर्ज ऑर्वेलचा दाखला देतात: त्याने १९४६ च्या निबंधात पॅसिव्ह टाळायला सांगितलं आहे ना? बाई त्यांना तोच निबंध वाचायला देतात आणि त्यातले पॅसिव्ह मोजायला लावतात. बरेच सापडतात.

परीक्षेत मात्र अजून ‘चेंज द व्हॉइस’च विचारतात. म्हणून फेब्रुवारी उजाडला की बाई मुकाट्याने खडू उचलतात आणि फळ्यावर पुन्हा आंबा लिहितात.