पाचपैकी किती?

१.
‘रिसर्च स्पायडर’ नावाची एक प्रश्नावली आहे, २००२ सालची, इंग्लंडातली. संशोधनातली दहा कामे: कल्पना सुचणे, संदर्भ शोधणे, आराखडा लिहिणे, निधीसाठी अर्ज करणे वगैरे. प्रत्येकात आपला अनुभव एक ते पाचमध्ये किती, हे ज्याचे त्याने ठरवायचे. ठिपके जोडले की कोळ्याचे जाळे दिसते. नवख्याचे आकसलेले.

२.
संशोधनाच्या कार्यशाळेनंतर या जाळ्यातले काहींचे गुण घटतात: काय काय येत नाही, ते तेव्हा कळते. आयोजकांनी घाबरू नये.

३.
वेदनेचा आकडाही रुग्ण स्वतःच सांगतो, शून्य ते दहा. तो मात्र पॅलिएटिव्हचे, म्हणजे गंभीर आजारातला त्रास हलका करणारे, डॉक्टर मुकाट लिहून घेतात.

४.
वेदनेवर सिसिली सॉन्डर्स यांची पसंती डायामॉर्फिनला, म्हणजे हेरॉइनला. १९६७ साली लंडनमध्ये मरणासन्न रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस त्यांनी उभे केले. तिथे संशोधनासाठी रॉबर्ट ट्वायक्रॉस हा तरुण डॉक्टरही आणला. त्याने डायामॉर्फिन आणि मॉर्फिन ताडून पाहिले. तोंडावाटे, नीट मात्रेत दिले तर मॉर्फिन तितकेच चालते, असे निघाले. निबंध १९७७ चा. हॉस्पिस मॉर्फिनवर आले. बाईंचा मोठेपणा मला हॉस्पिस उभारण्यापेक्षा इथे जास्त दिसतो.

५.
धाप लागलेल्या माणसाला ऑक्सिजन लावायचा, यात तपासायचे काय? ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी तपासले. रक्तातला ऑक्सिजन फारसा कमी नसलेले २३९ रुग्ण. निम्म्यांना नळीतून ऑक्सिजन, निम्म्यांना त्याच नळीतून साधी हवा. कोणाला काय, ते कोणालाच ठाऊक नाही. २०१० साली निकाल छापून आला: साध्या हवेपेक्षा ऑक्सिजनचा जास्त उपयोग नाही.
नातेवाइकांना हे पलंगाशेजारी उभे राहून सांगायचे कसे, हे काम ‘स्पायडर’च्या त्या दहा कामांत नाही.

६.
त्याच वर्षी दुसरी एक छोटी चाचणी: हातात धरायचा पंखा, वारा चेहऱ्यावर. धाप कमी झाली. पंख्याच्या कंपनीचा प्रतिनिधी ओपीडीत अजून कोणी पाहिलेला नाही.

७.
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मरणासन्न रुग्ण ‘असुरक्षित’ गटात येतात. रास्तच. पण पुष्कळदा अभ्यासाला एथिक्स कमिटीची परवानगी मिळते आणि अडतो तो वॉर्डातला डॉक्टर: “आज नको, थकलेत.” खाटेवरच्या आजींना विचारलेलेच नसते.

८.
अभ्यासातून रुग्ण गळण्याचे तीन रकाने: मृत्यूमुळे, आजारामुळे, इतर.

९.
टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनची एमडी २०१२ पासून. एमडी म्हटले की थिसिस आला. गाइड, सिनॉप्सिस, सॅम्पल साइज आले. सॅम्पल साइज काढताना मधल्या काळात किती जण जातील, हेही धरावे लागते. संख्याशास्त्राचा तास इतका गंभीर इतरत्र क्वचित होत असेल.

१०.
घरोघर जाणाऱ्या परिचारिकेला थिसिस नाही. तिच्या वहीत: ‘दुखणे ४. झोप बरी. सून आज जवळ बसली.’ एक्सेलमध्ये ४ जातो.

११.
संशोधन का करत नाही, असे विचारले की बहुतेकांचे पहिले उत्तर: वेळ नाही. म्हणून संशोधनाचे प्रशिक्षण रविवारी ठेवतात.