आडवी भरारी

दिवाळीच्या दारूकामात माझा आवडता प्रकार म्हणजे बाण. भुईनळा जागच्या जागी फुलतो, भुईचक्र अंगणातच घिरट्या घालते. बाणाला मात्र बाटलीत राहवत नाही. वात पेटली की तो सूं करीत निघून जातो आणि आपण माना वर करून बघत राहतो. त्याच्याबरोबर आपणही जावे, असे लहानपणी कोणाला वाटले नसेल? फेलिपे फालांघे नावाच्या गृहस्थाला ते अंमळ अधिकच वाटले असावे. पोरवयात तो पत्र्याची चिमुकली माणसे फटाक्यांत बसवून उडवीत असे. त्यांना तो ‘कर्बल’ म्हणे. पुढे मेक्सिको सिटीतल्या एका जाहिरात-कंपनीत नोकरी करताना त्याने ही माणसे संगणकात नेऊन बसवली. त्यातून २०११ साली लोकांच्या हाती आला तो ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा खेळ. सध्या आमच्या घाटकोपरच्या बिऱ्हाडात रात्री माझा जो वेळ जातो, तो त्याच्यापायी.

हा खेळ आपल्या दिवाळीतल्या किल्ल्याचा सख्खा भाऊ आहे. किल्ल्यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. माती, विटा, थोडे अळीव, आणि ज्याची जशी हौस तसा बुरूज. येथे मातीऐवजी इंधनाच्या टाक्या, इंजिने, पंख, हवाई छत्र्या. हवे ते हव्या त्याला जोडा, माथ्यावर डोळे वटारलेली हिरवी माणसे बसवा आणि द्या पेटवून! बुरूज ढासळला तर पुन्हा पाणी शिंपडून माती लिंपायची, एवढाच नियम.

कोणीही नवखा करतो तेच मीही केले: यानाचे नाक सरळ आकाशाकडे धरले. यान वर वर गेले. त्या चिमुकल्या ग्रहाची हवा ७० किलोमीटरवर संपते. तेथे आभाळ काळे झाले, चांदण्या दिसू लागल्या. मग इंधन संपले. यान क्षणभर अधांतरी थबकले आणि ज्या वाटेने गेले होते त्याच वाटेने खाली आले. शेजारचा नववीतला मुलगा मागे उभा राहून हे पाहत होता. तो म्हणाला, “काका, नुसतं वर जाऊन काय होणार? आडवं जा की!”

आडवे! पण गोष्ट खरी आहे. दगड आडवा फेकला की तो थोड्या अंतरावर पडतो. जोराने फेकला तर आणखी लांब. जमीन मात्र गोल आहे. दगड जितका खाली येतो तितकीच जमीन त्याच्याखालून वळून दूर जाईल, एवढा वेग त्याला मिळाला, तर तो पडतच राहतो आणि तरी जमिनीला लागत नाही. यालाच कक्षा म्हणायचे. खेळातल्या ६०० किलोमीटर त्रिज्येच्या ग्रहाला सेकंदाला सव्वादोन किलोमीटरच्या आसपास वेग पुरतो; आपल्या पृथ्वीला पावणेआठ लागतो. अवकाशस्थानकातली माणसे तरंगताना दिसतात ती गुरुत्वाकर्षण सुटले म्हणून नव्हे. ती अखंड पडत असतात म्हणून.

मी शाळामास्तर. बक्षीससमारंभात ‘उंच भरारी घ्या’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानांवरून निघून जाते. नुसती उंची टिकत नाही, हे मात्र कोणी पाहुण्याने सांगितलेले आठवत नाही.

माझे स्वतःचे गणिताचे शिक्षण दहावीपाशी थांबले. अग्निबाणाचे गणित हा प्रांत आपला नव्हे, अशी माझी समजूत होती. पण ज्याने १९०३ साली ते गणित प्रसिद्ध केले तो त्सिओल्कोव्स्की कोण होता? बहिरेपणामुळे शाळा सुटलेला, वाचून वाचून शिकलेला, कालुगा गावचा एक शाळामास्तर. शिवाय अवकाशाच्या कथा लिहिणारा! त्याच्या सूत्राचा अर्थ मला हातांनी कळला. दुप्पट वेगाला दुप्पट इंधन पुरत नाही. वाढलेल्या इंधनाचे ओझे उचलायलाही इंधन लागते. म्हणून एकाच दमात दूर जाण्याची हाव सोडावी लागते.

आपल्या मंगळयानाने तेच केले. ५ नोव्हेंबर २०१३, भाऊबीजेचा दिवस. ज्या पीएसएलव्ही अग्निबाणाने ते नेले, त्याच्या दुसऱ्या टप्प्यात ‘विकास’ इंजिन असते. आणि ही इंजिने आमच्या शेजारच्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात वर्षानुवर्षे घडत आली आहेत. मुलुंडच्या शाळेला जाताना लोकल तेथूनच पुढे जाते. यानाला थेट मंगळाकडे फेकण्याइतके बळ त्या अग्निबाणात नव्हते. म्हणून यान पृथ्वीभोवतीच फिरत राहिले, आणि दर खेपेला पृथ्वीच्या जवळून भरवेगाने जाताना इंजिन थोडे पेटवून घेर वाढवीत गेले. ११ नोव्हेंबरचा चौथा धक्का अपुरा पडला. एक लाख किलोमीटर गाठायचे होते. यान ७८ हजारांवरच राहिले. दुसऱ्या दिवशी एक पुरवणी धक्का दिला आणि ते १ लाख १८ हजारांच्या वर गेले. १ डिसेंबरला त्याने पृथ्वी सोडली. २४ सप्टेंबर २०१४ रोजी ते मंगळाच्या कक्षेत होते.

पुरवणी! हा शब्द आमच्या शाळेत दबक्या आवाजात उच्चारतात. दहावीचा निकाल लागतो, तेव्हा ज्यांना पुरवणी परीक्षेला बसायचे असते ती मुले गुणपत्रिका न्यायला मित्रांबरोबर येत नाहीत. दुपारी, पटांगण ओस पडल्यावर, एकेकटी येतात. काहींच्या पाठीमागे वडील उभे असतात आणि ते माझ्याकडे न बघता सही करतात. त्यांतली काही मुले परत कधीच शाळेच्या रस्त्याला दिसत नाहीत. अठ्ठ्याहत्तर हजारांवर अडलेल्या यानाला कोणी नापास म्हटले नाही; त्याला किती धक्का कमी पडला एवढेच मोजले. यंदा निकालाच्या दुपारी मी कचेरीत बसून राहणार आहे. येईल त्या मुलाला बाक दाखवायचा आणि विचारायचे, “बस. किती कमी पडले, ते दोघे मिळून बघू.”