कुरणातली काळी

आमच्या भावकीचं बावीस एकर कुरण आहे. आटपाडी तालुक्यात, दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात. सातबाऱ्यावर सहा नावं आहेत, पण आजोबांच्या वेळेपासून कुणी त्यात बांध घातलेला नाही की नांगर धरलेला नाही. आजोबांच्या वेळी आटपाडी औंध संस्थानात होती. संस्थान गेलं, कुरण राहिलं. आता टेंभूचं पाणी आमच्या शिवारात आलं आणि पहिल्यांदाच त्या कुरणाचं करायचं काय, असा प्रश्न उभा राहिला.

माझा पुतण्या म्हणतो, "तात्या, जेसीबी लावून सपाट करू आन् ऊस लावू. वर्साला गवत इकून काय मिळतंय?" त्याचं म्हणणं खोटं नाही. पूर्वी प्रत्येक घरात खिलार जोडी होती, आता वाड्यावस्त्या धरून चार दावणी राहिल्यात. जर्सी गाईला गवतापेक्षा पोत्यातली पेंड लागते. पण कुरणाची माती कसली आहे हे त्या पोराच्या वयाच्या कुणाला ठाऊक नाही, कारण ती कधी कुणी पिकवलीच नाही. म्हणून लिहायला बसलो.

माणदेश म्हटला की लोकांच्या डोळ्यापुढं नुसता उजाड माळ येतो. माण तालुका साताऱ्यात, आटपाडी सांगलीत, पण रान एकच. पाऊस वीस इंचाच्या आसपास, तोही बहुतेक उत्तरा-हस्ताचा. माळावरनं खाली उतरत आलं की मात्र माती पावलागणिक बदलते. माथ्यावर काळा फत्तर उघडा पडलेला. त्याच्याखाली मुरूम, मग बरड, मग तांबूस हलकी जमीन आणि तळाला ओढ्याच्या अंगाला काळी. फत्तर सगळीकडं एकच आहे. तो हजारो वर्षं झिजला, त्याचे जाड कण वर राहिले आणि मैद्यासारखे बारीक कण पावसानं वाहून तळाला बसले. माळावर कुदळ मारली की ठण्णकन वाजते. कुरणात पुरुषभर खणलं तरी मुरूम लागत नाही. तीन-चार फुटांखाली चुनखडीचे पांढरे खडे तेवढे लागतात.

पुतण्याला मी एक साधी गोष्ट करून दाखवली. दोन बाटल्या घेतल्या. एकीत माळाची माती, दुसरीत कुरणाची. पाणी घालून हलवल्या आणि सोप्यात ठेवल्या. माळाची माती चहा होईस्तोवर खाली बसली. कुरणाचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच. मग ओली काळी तळहातावर वळली तर सुतळीएवढी बारीक वात झाली आणि तिची बांगडी केली तरी तुटली नाही. मुरमाच्या मातीची गोळीसुद्धा होत नाही. बायको म्हणाली, "ह्या वयात चिखल खेळाय लागला व्हय?"

या मातीचा स्वभाव उन्हाळ्यात कळतो. चैत-वैशाखात कुरण उलतं. भेगा एवढ्या पडतात की कोपरापर्यंत हात जावा. राखुळ्या पोरांना आम्ही बजावतो, कोकरं तिकडं सोडू नका, पाय अडकला की मोडला. एका उन्हाळ्यात आईचं खुरपं भेगेत गेलं ते गेलंच. वरची भुसभुशीत माती, वाळलेलं पान, लेंड्या, सगळं त्या भेगांत पडतं. पाऊस आला की माती फुगते, भेगा मिटतात आणि वरचं वर, खालचं खाली असं काही राहत नाही. नांगर न लावता ती आपली आपणच उलथते. त्यामुळंच तिच्यात भिंत टिकत नाही, रोवलेला दगडी खांब दोन-चार वर्षांत कलतो. आपली गावं पांढरीवर का वसली, काळीत का नाही, याचं एक कारण हेही असणार. झाडंही थोडीच तग धरतात. बाभळ, हिवर, बोर. या झाडांची मुळं तो ओढाताणीचा संसार कसा सोसतात ते त्यांनाच ठाऊक.

गवताचंही तसंच. माळावर कुसळी. तिची कुसळं मेंढराच्या लोकरीत घुसतात, जनावराच्या तोंडाला टोचतात, आणि ती वाळली की तिच्यात काही राम नाही. काळीत मारवेल, पवना, शेडा. मारवेलाचं वाळकं गवतसुद्धा बैल आवडीनं खातो. पण एक गंमत आहे. वळवाच्या एका सरीवर माळ आठ दिवसांत हिरवा होतो आणि कुरण ढिम्म. पहिल्या पावसाचं पाणी भेगांत जातं, आणि जे वर राहतं ते ही माती इतकं घट्ट धरून ठेवते की गवताच्या मुळाला सोडत नाही. तिला चांगला बैठा पाऊस लागतो. तो एकदा झाला की माळ वाळून पिवळा पडल्यावरही कुरण पौषापर्यंत हिरवं असतं. माळ उधळ्या माणसासारखा. काळी चिकट, पण अडीनडीला तिच्याचकडं जावं लागतं.

चिकट हा शब्द दोन्ही अर्थांनी घ्या. पावसात कुरणात शिरलं की चप्पल शेर-शेर माती घेऊन वर येते. म्हणूनच आमच्या वडिलांचा नियम कडक होता. मृग लागला की कुरण बंद. दिवाळीपर्यंत एक जनावर आत सोडायचं नाही. लोकांना वाटायचं म्हातारा गवत राखतोय. वडील माती राखत होते. ओल्या काळीत म्हशीचा खूर रुतला की खड्डा पडतो, खड्ड्याच्या तळाला माती दाबून घट्ट होते. ती वाळली की वीट. त्या विटेत मारवेलाचं मूळ जात नाही. दोन पावसाळे अशी जनावरं फिरली की चांगलं गवत मरतं आणि लव्हाळा, तरवड माजतो. मुरमाच्या माळाला पावसात खूर लागले तरी इतकं बिघडत नाही, पाणी निथळून जातं. म्हणून पावसाळ्यात माळ आणि पावसाळ्यानंतर कुरण, अशी वाटणी होती. धनगरांची मेंढरंही या हिशेबानंच यायची.

बहात्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. सुकडी आणि मिलो खाल्लेली पिढी आमची. गावाच्या वर तलावाचं काम निघालं, माझी आई आणि थोरली बहीण पाट्या वाहायला जायच्या. तलावाच्या बंधाऱ्याला काळी माती लागायची आणि ती आमच्या कुरणाच्या कडेनं नेली. बंधारा नुसत्या मुरमाचा करत नाहीत. मधोमध काळीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरूम. काळीवर पाणी मारायचं, धुमसानं चोपायचं, पुन्हा थर. मुकादम सांगायचा, "पोटात काळी, पाठीवर मुरूम." मुरूम वजनाला, काळी पाणी अडवायला. त्या बंधाऱ्यातनं पन्नास वर्षांत पाण्याचा थेंब झिरपलेला मी पाहिला नाही.

पुतण्याला मी बंधाऱ्यावर नेलं आणि विचारलं, "ज्या मातीनं तलावाचं पाणी अडवलंय, ती तुझ्या उसाखालचं पाणी कुठं जाऊ देणार?" तो काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "ठिबक करू की."

माझी धाकटी बहीण वाळवा तालुक्यात दिली आहे, कृष्णाकाठाला. दाजींची जमीन अशीच काळी, सोन्यासारखी. आम्ही दुष्काळातली माणसं त्यांच्या उसाकडं बघून हबकायचो. पाणी होतं म्हणून पाणी दिलं, ऊस मोडून पुन्हा ऊस. आधी मधल्या एका तुकड्यात ऊस पिवळा पडला. मग तिथं लव्हाळा आला. मग लव्हाळाही जाईना की येईना, नुसती पांढरी कळा, मीठ फुटल्यासारखी. खाली पाणी निचरत नाही, ते वर चढतं, ऊन त्याला ओढून घेतं आणि क्षार वर सोडून देतं. पुढं तीच जमीन चोपण होते, ओली असली की साबणासारखी आणि वाळली की सिमेंटसारखी. जमिनीत भोकांचे पाइप पुरून पाणी काढता येतं, पण एकट्यानं भागत नाही. पाणी सोडायला ओढा लागतो आणि मधल्या सगळ्यांची संमती लागते. दाजींच्या शेजाऱ्यांची संमती व्हायला सात वर्षं गेली.

आमच्याकडं तर खोऱ्याचा तळ. वरनं चारी बाजूंनी पाणी इकडंच येणार.

मी ऊस नको म्हणत नाही, पाणी नको तर मुळीच म्हणत नाही. ज्यानं टँकरच्या मागं घागरी घेऊन पळापळ केली त्यानं पाण्याला नाव ठेवू नये. माझं म्हणणं एवढंच होतं की पाणी वर न्या, मुरमात. आटपाडी-सांगोल्याच्या माळानं डाळिंब करून दाखवलंय. त्या झाडाला निचऱ्याची हलकी जमीनच मानवते. पुतण्यानं गेल्या साली वरच्या उताराला पाच एकर डाळिंब लावलं. तेवढ्यापुरतं भावकीचंही एकमत झालं.

पण त्या डाळिंबाचं पाणीसुद्धा थोडंफार झिरपून खाली येणारच. म्हणून कुरणाच्या वरच्या कडेनं चर काढून तो ओढ्याला सोडायचं ठरलं. चर अजून अर्धा झालाय. जेसीबीवाला काळीत रुतला आणि वाफसा येईपर्यंत येत नाही म्हणाला. परवा हस्ताचा पाऊस झाला तेव्हा पुतण्या चराच्या तोंडाशी उभा राहून किती पाणी येतंय ते बघत होता. खालच्या कुरणाचा निकाल अजून लागलेला नाही, सहा नावांतल्या दोघांना ऊसच हवा आहे. मारवेल गुडघ्याला लागलंय. कापणी दिवाळीनंतर, आणि भावकीची बैठकही तेव्हाच.