क्रूरसिंगाचे पणजोबा

तुमच्या पणजोबांचं नाव काय? घाई नाही, सावकाश आठवा. हा प्रश्न मी बऱ्याच लोकांना विचारून पाहिला आहे. बहुतेक माणसं आधी आढ्याकडे बघतात आणि मग बायकोकडे बघतात. गंमत म्हणजे ते नाव बायकोलाच ठाऊक असतं.

पण माझ्या वयाच्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, की ‘चंद्रकांता’तल्या तेजसिंगाचा बाप कोण? तो डोळे न उघडता सांगेल, ‘जीतसिंग, नौगढचे दिवाण,’ आणि पुन्हा घोरायला लागेल. निदान मी तरी सांगेन. माझ्या डोक्यात नौगढ, विजयगढ आणि चुनारगढ अशी तीन राजघराणी मुलाबाळांसकट नांदताहेत. तिथे आमच्या घराण्याला जागा मिळाली नाही, यात माझा काय दोष?

दोष असलाच तर दूरदर्शनचा. 1994 साली रविवारी सकाळी ‘चंद्रकांता’ सुरू झाली आणि आमच्या राहुरीत रविवारच्या आंघोळी लांबणीवर पडल्या. देवकीनंदन खत्रींची ही कादंबरी 1888 सालची. खत्री बनारसकडे जंगलाची ठेकेदारी करायचे, तिथले पडके किल्ले पालथे घालायचे. ठेका गेला आणि किल्ले डोक्यात राहिले. त्यातून ही कादंबरी झाली आणि ती वाचण्यासाठी लोक हिंदी शिकले म्हणतात. आमच्याकडे कादंबरी न वाचता लोक हिंदी शिकले, पण एकच शब्द शिकले : ‘यक्कू’. अखिलेंद्र मिश्रांचा क्रूरसिंग भिवया उडवून तो म्हणायचा. आमच्या वर्गात गणिताच्या सरांनी फळ्याकडे तोंड केलं, की मागच्या बाकावर पाच-सहा क्रूरसिंग जन्माला यायचे.

मालिका संपली की खरी मालिका सुरू व्हायची. सलूनमध्ये, चहाच्या टपरीवर, पिठाच्या गिरणीत एकच चर्चा : क्रूरसिंग मुळात कोण? त्याचं विजयगढच्या दरबारी इतकं वजन का? बद्रीनाथ एवढा हुशार ऐयार, मग तो शिवदत्तासारख्या माणसाची चाकरी का करतो? (तो बद्रीनाथ म्हणजे इरफान खान, पण तेव्हा आमच्या गिरणीत त्याला कोण ओळखतंय!) ऐयार म्हणजे वेष पालटून फिरणारा, बेशुद्धीची पूड हुंगवून माणूस गाठोड्यात बांधून नेणारा हेर. त्याच्याजवळ लखलखा नावाचं औषध असतं. ते हुंगवलं की बेशुद्ध माणूस शुद्धीवर येतो.

आमच्या घरी ऐयाराचं काम माझ्याकडे होतं. त्याचं असं झालं, की आमच्या वाड्याच्या मधोमध एक भिंत होती. ती 1982 साली घातली. अलीकडे आम्ही, पलीकडे आप्पाकाका. दादा म्हणजे माझे वडील आणि आप्पा सख्खे भाऊ, पण भिंत झाल्यापासून एकमेकांशी एक अक्षर बोललेले नव्हते. आई आणि काकू भिंतीवरून वाटीवाटीने कालवण द्यायच्या, आम्ही पोरं दोन्हीकडे जेवायचो, मांजरसुद्धा दोन्ही घरचं होतं. फक्त या दोघांची फाळणी झालेली. कशावरून, ते कुणी सांगायचं नाही. विचारलं तर आई म्हणायची, “भाऊबंदकी, दुसरं काय!” ‘भाऊबंदकी’ हा आमच्या जिल्ह्यात कारण सांगणारा शब्द नाही, कारण झाकणारा शब्द आहे.

आणि टीव्ही आप्पांकडे! उसाच्या पेमेंटमधून घेतलेला, ब्लॅक अँड व्हाइट. दादा तिकडे पाऊल टाकणार नाहीत. ते आपले आमच्या ओसरीवर भिंतीला खुर्ची लावून बसायचे, मांडीवर वर्तमानपत्र. शीर्षकगीत सुरू झालं, की वर्तमानपत्राचं पान उलटणं बंद व्हायचं. अशी दोन वर्षं दादांनी ‘चंद्रकांता’ कानांनी बघितली. त्यांना दिसायचं काही नाही, पण सगळ्यात जास्त ठाऊक त्यांनाच, कारण त्यांनी कादंबरी वाचलेली होती. दादा हिंदीचे मास्तर.

त्यातून दादांना नावगाव चुकलेलं खपायचं नाही. एकदा पाथर्डीच्या एस.टी.त एका परक्या प्रवाशाने डोंगरावर बोट दाखवून ‘तो बघा, चांदबिबीचा महाल’ म्हटलं, तर दादांनी त्याला पुढच्या स्टॉपपर्यंत ऐकवलं, की तो महाल नाही, कबर आहे, आणि चांदबिबीची नाही, निजामशाहीचा मंत्री सलाबतखान याची आहे. बिचारा सलाबतखान चारशे वर्षं स्वतःच्याच थडग्यात भाडेकरूसारखा राहतोय. आता तर जिल्ह्याचं नावही अहिल्यानगर झालं. शेवटी ‘नगर’ शिल्लक राहिलं, म्हणून ‘नगरला जाऊन येतो’ हे आमचं वाक्य तेवढं बचावलं.

तर असे दादा, आणि पलीकडे आप्पा. आप्पांनी पुस्तक पाहिलेलं नाही, पण मालिकेचा एक भाग चुकवलेला नाही. म्हणजे एकीकडे शास्त्र, दुसरीकडे प्रत्यक्ष अनुभव. आणि मधे मी, नववीतला.

“आप्पाला म्हणावं,” वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता दादा म्हणायचे, “पुस्तकात यक्कूबिक्कू काही नाही.”

मी भिंतीला वळसा घालून पलीकडे.

“त्याला सांग,” आप्पा म्हणायचे, “पुस्तकात काय बी नसंल. क्रूरसिंग बोलला का न्हाई बोलला? म्या या कानांनी आईकलं.”

पुन्हा अलीकडे. “म्हणावं, पुस्तकात क्रूरसिंग विजयगढ सोडून शिवदत्ताला जाऊन मिळतो आणि मग खरा वैरी होतो शिवदत्त. यांनी क्रूरसिंगालाच डोक्यावर बसवलाय.”

“सांग त्याला, बसवनारच. मानूस भारी हाये.”

या फेऱ्यांत माझ्या चपलांचे दोन जोड गेले. पण एक सांगतो, त्या वर्षांत मी घरात पहिल्यांदाच दादांना हसताना पाहिलं. निरोप घेऊन मी आलो, की वर्तमानपत्र थोडं हलायचं.

एका रविवारी विषय निघाला, क्रूरसिंग असा का झाला? दादांचं म्हणणं सरळ होतं. तो मंत्र्याचा मुलगा. बापाच्या जिवावर चैन, राजकन्येवर डोळा आणि गादीवरही डोळा. जातिवंत नालायक.

मी निरोप पोचवला. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्याला सांग, कुनी आईच्या पोटातनं क्रूर येत न्हाई. थोरला शिकायला आन् धाकटा खडी फोडायला, असं केलं की धाकटा क्रूरसिंगच व्हायचा.”

मी धावत आलो आणि शब्दन्‌शब्द सांगितला. आतमध्ये आईची पोळी लाटायची थांबली. मला वाटलं, आप्पांनी मोठाच मुद्दा काढला. आणि मी वर शहाणपणाने विचारलं, “पण दादा, क्रूरसिंगाला थोरला भाऊ होता का?”

दादा म्हणाले, “पुस्तकात नाही.” मग वर्तमानपत्राची घडी घातली, ती नीट बसेना, म्हणून पुन्हा घातली. “त्याला सांग…” म्हणाले आणि थांबले. त्या दिवशी माझी फेरी तिथेच संपली.

1972 च्या दुष्काळात आप्पा कॉलेज सोडून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते आणि दादा तेव्हा नगरला मास्तरकीचं शिकत होते, एवढं मी ओझरतं ऐकलं होतं. पण दोन आणि दोन चार करायला मला वेळ कुठे होता? मी विजयगढच्या वंशावळीत बुडालेला.

1996 मध्ये मालिका मधेच बंद पडली. कथेचे सगळे धागे तसेच लोंबकळत राहिले. पहिला रविवार सुतकासारखा गेला. दुसऱ्या रविवारी सकाळी ओसरीवर सावली पडली. मी वर बघितलं तर आप्पा! टोपी हातात. चौदा वर्षांनी ते भिंतीच्या अलीकडे आले होते. इकडेतिकडे बघून मला म्हणाले, “त्याला इचार, म्होरं काय हुतं?”

दादा दोन हातांवर बसलेले. पण सवय! दादा मला म्हणाले, “त्याला सांग, बस म्हणावं.”

आप्पा बसले. पुढे तीन-चार रविवार दादांनी सगळं सांगितलं. ‘चंद्रकांता’ संपवली, मग ‘चंद्रकांता संतती’चे चोवीस भाग. त्यात भूतनाथ नावाचा ऐयार येतो. त्याच्या मागल्या आयुष्यात काहीतरी काळंबेरं असतं आणि ते उघडं पडेल म्हणून तो जन्मभर धास्तावलेला. वाचकांना त्याचा पूर्वेतिहास हवा होता, म्हणून खत्रींनी त्याचं चरित्रच वेगळं लिहायला घेतलं. सहा भाग लिहून झाले आणि 1913 साली ते वारले. राहिलेले भाग त्यांच्या मुलाने, दुर्गाप्रसादने, पुरे केले.

इथवर दादा आले आणि गप्प बसले. मग पहिल्यांदाच थेट आप्पांकडे बघून म्हणाले, “आप्पा, त्या साली नगरहून मी…”

आणि आई मला म्हणाली, “जा रे, डेअरीवरून दूध घेऊन ये. चहाला नाही.”

मी पळत गेलो, पळत आलो. रांग होती. आलो तर दोघं कपबशीची वाट बघत बसलेले. आप्पा धोतराच्या सोग्याने नाक पुसत होते आणि दादा त्यांना ऊस कुठल्या जातीचा लावलाय ते विचारत होते. तो चहा म्हणजे आमच्या घरचा लखलखा. ज्या भागासाठी दोन वर्षं चपला झिजवल्या, त्या भागाला मी दुधाच्या रांगेत होतो!

भिंत अजून आहे. मात्र तिला त्याच साली दार पाडलं. दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बापाने अर्धी ठेवलेली हकिकत मुलाने पुरी करायची, ही खत्रींच्या घरची रीत. आपणही करावी म्हणून गेल्या दिवाळीला मी आप्पांना गाठलं. ते आता पंच्याहत्तरीच्या घरात, कान जरा जड. जवळ जाऊन विचारलं, “आप्पा, त्या दिवशी दादा काय सांगत होते हो?”

आप्पांनी मला नीट न्याहाळलं. भिंतीतल्या दाराकडे बघितलं. मग भिवया उडवून म्हणाले, “ते जुनं झालं. क्रूरसिंगाचं काय इचारायचं आसंल तर इचार.”