प्रिय बीपीटीआय, तुझ्या दोन फ्रेमच्या मधले

प्रिय बीपीटीआय,

गाईच्या स्वादुपिंडातले तुझे काम ठरलेले: ट्रिप्सिन हे पाचक विकर अवेळी कामाला लागले की त्याला अडवायचे. अवघी ५८ अमिनो आम्ले, त्यांना घट्ट बांधणारे गंधकाचे तीन पूल, हायड्रोजन धरून सुमारे ९०० अणू. प्रथिनांच्या जगात तू लहानखुरेच. तरी हे पत्र तुला, कारण संगणकाने हालचाल टिपलेले पहिले प्रथिन तू.

१९७७ साली मॅकॅमन, गेलिन आणि कार्प्लस यांनी तुझ्या अणूंची गती गणिताने काढली. अवधी ९.२ पिकोसेकंद, भोवतालचे पाणी वगळलेले. क्ष-किरणांच्या चित्रातून प्रथिन म्हणजे गोठलेला सांगाडा असे वाटे. एवढ्याशा अवधीतही तुझा गाभा द्रवासारखा खळबळताना दिसला. पुढे २०१० मध्ये डेव्हिड शॉ यांच्या गटाने ‘अँटन’ या खास बांधलेल्या संगणकावर तुला, या वेळी पाण्यासकट, एक मिलिसेकंद चालवले. दहा कोटी पटींहून मोठी झेप, आणि तीही तुझ्यावरच. त्या काळात तू मोजक्याच काही ठेवणींमध्ये ये-जा करत होतेस.

पण आम्ही पाहतो ते ॲनिमेशन, आणि त्यात तुझे किती उरते? कार्बन-हायड्रोजन बंध साधारण ११ फेम्टोसेकंदांत एकदा ताणून आखडतो, म्हणून गणिताची पायरी एक-दोन फेम्टोसेकंदांचीच ठेवावी लागते. प्रत्येक पायरी साठवणे परवडत नाही. दर १० पिकोसेकंदांना एकच फ्रेम ठेवली तरी मिलिसेकंदाच्या दहा कोटी फ्रेम होतात. सेकंदाला २५ या वेगाने त्या पाहायला ४६ दिवस लागतील. शिवाय दोन फ्रेमच्या मधे तो बंध नऊशेच्या आसपास वेळा हलून गेलेला असतो.

तुझ्या ३५व्या जागेवरचे टायरोसिन घे. त्याचे सहा कार्बनांचे कडे आत दाटीवाटीत अडकलेले आहे, आणि तरीही अधूनमधून ते अर्धी गिरकी घेते. कड्यांच्या अशा गिरक्या व्यूथ्रिख आणि वाग्नर यांनी सत्तरच्या दशकात चुंबकीय अनुस्पंदनाने तुझ्यातच ओळखल्या. गिरकीला मुहूर्त लागतो फार उशिरा, पण एकदा सुरू झाली की ती निमिषात संपते. कड्याच्या दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे आधीची आणि नंतरची फ्रेम जवळपास हुबेहूब. पाहणाऱ्याला वाटते, काहीच घडले नाही. एका बाजूच्या कार्बनला वेगळा रंग दिला तरच तो पलीकडे गेल्याचे कळते.

यापुढचा प्रकार मला जास्त खटकतो. चित्र धक्के खाऊ नये म्हणून दोन फ्रेममधली जागा भरताना प्रत्येक अणू जुन्या ठिकाणाहून नव्या ठिकाणी सरळ रेषेत सरकवला जातो. गिरकीच्या ऐन मध्यावर मग ते कडे चिमटून रेघ होते आणि समोरासमोरचे कार्बन एकमेकांत शिरतात. असा रेणू निसर्गात नाही. अनेक फ्रेमची सरासरी काढून हालचाल मऊ केली, तर मिथाइल गटाचे फिरते हायड्रोजनही असेच अक्षाकडे ओढले जातात. डोळ्यांना सुखावणारी ती संथ लय तुझी नाहीच. तू तर अखंड थरथरतेस.

पाणी लपवण्याला माझा विरोध नाही. हजारो रेणूंच्या गर्दीत तू दिसणारच नाहीस. मात्र वर्गात ही फीत पाहणाऱ्या मुलाला वाटते की तू रिकाम्या अंधारात एकटेच तरंगतेस, आणि तुला धक्के देणारे ते पाणीच होते हे त्याला कोणी सांगत नाही.

म्हणून तुझी ॲनिमेशन बनवणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ लिहा. चित्रातला एक सेकंद म्हणजे रेणूचे किती पिकोसेकंद, किती अंतराने फ्रेम घेतल्या, मधल्या फ्रेम गणिताच्या की भरलेल्या, आणि काय लपवले. मऊ केलेली फीत जरूर दाखवा, पण तिच्याआधी मूळ, धडधडती फीत एकदा तरी दाखवा.

तुझा,
एक प्रेक्षक