आधी आपण झोपून बघावं

खोली उभ्याने तपासली तर अर्धीच तपासून होते. पाहुणा खोलीत उभा असतो तो थोडाच वेळ. बाकी तो आडवा पडलेला असतो, नाहीतर शॉवरखाली डोळे मिटून. म्हणून ठेकेदाराकडून मजला ताब्यात घेताना मी आधी बूट काढते आणि पलंगावर पाठ टेकते. साइट इंजिनिअर दारात अवघडून उभा राहतो. स्प्रिंकलरच्या चकतीभोवतीची फट, पेल्मेटमागचा रंग न लागलेला पट्टा, हे उशीवर डोकं ठेवल्याशिवाय दिसत नाही.

हाऊसकीपिंगमध्ये माझी बावीस वर्षं गेली. या काळात चार हॉटेलं उघडण्याआधीपासून सांभाळली. शेवटचं मुंबईतलं, लोअर परळला, गिरणीच्या जुन्या जागेवरचं. स्नॅग लिस्टमध्ये, म्हणजे ठेकेदाराने दुरुस्त करायच्या दोषांच्या नोंदीत, सगळ्यात लांब यादी नेहमी बाथरूमची असते. तिथे मी बादलीभर पाणी ओतते आणि ते कुठे जातं ते बघत बसते. मीटरला सेंटिमीटरभर उतार असला तर पाणी निमूट नहाणी ट्रॅपकडे जातं. या हॉटेलात एका मजल्यावरच्या नऊ खोल्यांत ते दाराकडे आलं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, ‘‘मॅडम, वायपर मारला की झालं.’’ ओल्या संगमरवरावर म्हाताऱ्या माणसाचा पाय सरकला तर वायपर काय करणार? नऊही खोल्यांची फरशी उखडायला लावली. पंधरा दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नाही.

पाण्याचं दुसरं काम डोळ्यांना दिसतच नाही. नव्या हॉटेलात नळजोडण्या आधी होतात आणि खोल्या महिनोन्‌महिने रिकाम्या राहतात. ट्रॅपमधलं पाणी सुकलं की गटाराचा वास वर येतो, तेवढं नाकाला कळतं. पाइपात साचलेल्या पाण्याचं तसं नसतं. १९७६च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. घरी परतलेली माणसं न्यूमोनियाने आजारी पडली, कित्येक दगावली. जंतू सापडायला पुढचं साल उजाडलं आणि त्याला नाव मिळालं लीजनेला. हॉटेल मात्र १९७६ सालीच बंद पडलं होतं. हा जंतू साधारण २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून श्वासात जातो. म्हणून गरम पाण्याची टाकी ६० अंशांवर ठेवायची आणि दर आठवड्याला प्रत्येक खोलीतला प्रत्येक नळ, प्रत्येक शॉवर काही मिनिटं वाहू द्यायचा. दोन मुली, एक वही, दोनशेवर खोल्या. मी माण तालुक्यातली, टँकरमागे कळशी घेऊन धावलेली. ते वाहतं पाणी बघताना जीव तुटतो. ते शुद्ध होऊन फ्लशला आणि झाडांना जातं हे माहीत असूनही तुटतो. तरी वहीतली एकही चौकट मी कोरी राहू देत नाही.

मग येते चाचणीची रात्र. उद्घाटनाआधी माणसं खरोखर मुक्कामाला ठेवून सगळं चालवून बघायचं. या रात्री बहुधा संचालक, त्यांचे घरचे, ओळखीपाळखीचे येतात आणि कौतुक करून जातात. या वेळी मी भांडून सहा खोल्या रूम अटेंडंटसाठी मागून घेतल्या. त्यांतली एक सावंतवाडीकडची. आठ वर्षं रोज चौदा-चौदा खोल्या लावल्या, पण लावलेल्या पलंगावर कधी टेकलीसुद्धा नव्हती. म्हणाली, ‘‘मॅडम, चादर चुरगळेल.’’

‘‘अगं, चुरगळायलाच तर पाठवतेय तुला.’’

सकाळी तिने फॉर्म दिला. संचालकांच्या फॉर्मांवर ‘उत्तम’, ‘अप्रतिम’ लिहिलेलं होतं. हिने वळणदार अक्षरात चार ओळी लिहिल्या होत्या. रात्री उठले तर बटण सापडेना, बाकाचा कोपरा गुडघ्याला लागला. बटण सापडलं तेव्हा सगळे दिवे एकदम लागले, शेजारचं माणूस जागं होईल. एसीचा वारा डाव्या उशीवर थेट कपाळाला लागतो. चहाची किटली बेसिनच्या नळाखाली मावत नाही.

मी किटली उचलून नळाखाली धरली. तोटी आणि बेसिन यांच्यामध्ये ती तिरकीसुद्धा शिरत नव्हती. नमुन्याची खोली वर्षभर आधी तयार झाली होती. आर्किटेक्ट, मालक, मी, सगळे तिच्यातून कितीदा फिरलो होतो. चहा कुणीच करून बघितला नव्हता. बुटक्या किटल्या मागवल्या. बाथरूमच्या वाटेवर पायापाशी मंद दिवा बसवून घेतला. तारीख जवळ आली होती, इलेक्ट्रिकचा ठेकेदार चिडला, पण झालं.

राहिला एसीचा वारा. जाळीच्या पात्या वळवून झाल्यावर मी संध्याकाळी तिच्या खोलीत गेले. निघताना तिने पलंग लावून ठेवला होता. चादरीचे कोपरे चापून दुमडलेले, उशा एका रेषेत, कुठे सुरकुती नाही. मी रजई ओढली, दिवा मालवला आणि डाव्या उशीवर डोकं ठेवलं.